गोधडीचं दुसरं टोक

म्हाताऱ्या माणसांना समुद्रावर न्यायचं असेल तर आधी त्यांच्या चपला बघाव्यात. अंगठ्याच्या चपला वाळूत निघून जातात, मग माणूस त्या उचलायला वाकतं, आणि वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाडायला मोठी लाट लागत नाही. मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी आणि निघायच्या आधी काही दिवस घरातच घालायला लावावी. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवाव्यात. जेवण झाल्या झाल्या पाण्यात नेऊ नये. एका वेळी एकीलाच न्यावं, दुसरीला खुर्चीवर बसवावं. समुद्राकडं पाठ करून उभं राहू देऊ नये. हे सगळं मला ठाऊक होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसऱ्यांची पोरं सहलीला नेऊन ती सगळीच्या सगळी परत आणणं हे काम मी बरीच वर्षं केलं आहे.

बसण्याबद्दल मात्र मी काहीच ठरवलं नव्हतं.

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एक माझी आई, दुसरी माझी आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. दोघी पंचाहत्तरीच्या आगेमागे. आत्याला नवऱ्यानं लग्नानंतर लवकरच माघारी पाठवलं, तेव्हापासून ती आमच्याच घरात. वडील गेल्यावर गावाकडं दोघी एकट्या कशा राहणार, म्हणून मी त्यांना जालन्याला आणलं. मला भाऊ नाही. माझ्या मिस्टरांनी त्यांना रस्त्याकडची खोली रिकामी करून दिली आणि त्या खोलीला ‘एसटी स्टँड’ म्हणायला लागले, कारण तिथं कधीही जा, दोन बायका भांडत बसलेल्या असतात.

“वैनी, तुमच्या दाताला झेपत न्हाई म्हणून सगळ्यांनी मऊ भातच गिळायचा का?”

“वन्स, तुमचे दात तुम्हाला लखलाभ. पण दिवसभर आम्हालाच चावून राह्यले ते.”

ऐकणाऱ्याला मजा वाटते. दोघींनी एकमेकींना सगळं ऐकवून झालेलं आहे, एक गोष्ट सोडून.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी ती म्हणाली, “आता नजर आली तर मला एकदा समुद्र दाखव.” तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मी लगेच कामाला लागले. पुण्याला असलेल्या माझ्या लेकीनं कोकणातलं एक ठिकाण शोधलं. पायऱ्या नाहीत, बाथरूममध्ये धरायला दांडा, किनारा सपाट. खोल्या ठरल्या. संध्याकाळी मी आईला रस्ता समजावून सांगत होते. ती सुपात तूर निवडत होती, आत्या आत भाकरी थापत होती.

“गंगा तिकडं जाती का?” आईनं विचारलं.

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात. वर्गात हे दरवर्षी शिकवते, त्यामुळं उत्तर आपोआप गेलं. “न्हाई. गंगा उगवतीकडं जाते. आंध्रात समुद्राला मिळते.”

“मंग मी तिकडं जाऊन काय करू?”

आतलं भाकरी थापणं थांबलं.

ते का थांबलं हे कळायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. थोडक्यात सांगते.

आमचं गाव तीर्थपुरीच्या पलीकडं, गंगेच्या काठावर. दसऱ्याच्या आधी गावातल्या सगळ्या बायका गोधड्या धुवायला गंगेवर न्यायच्या. आमच्या बौद्धवाड्यात घट बसत नव्हते, पण गोधड्या निघायच्या; दसरा आमचाही होता, धम्माचा. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघी लागतात. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या, आणि दोघींनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. त्या दिवशी आई तापानं घरी पडून होती. आत्या, माझी थोरली बहीण आणि मी, अशा तिघी गेलो होतो. बहीण दहा-अकरा वर्षांची असेल. मी लहान, म्हणून मला काठावर भाकरीच्या गाठोड्यापाशी बसवलं होतं. बहीण एका खडकावर उभी राहून पाणी बघत होती. आत्यानं गोधडीचं एक टोक उचललं आणि पिळायला ये म्हणून तिला नावानं हाक मारली. तिनं ओ दिली आणि वळली. खडकावर शेवाळ होतं.

मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते गोधडीचं दुसरं टोक. आत्या एक टोक धरून उभी होती. दुसरं, कुणीच न धरलेलं, पाण्यावर पसरलं होतं आणि धारेच्या दिशेनं ओढ घेत होतं.

भादव्यातली गंगा होती ती. गावातले पोहणारे खाली पार पुढच्या गावांपर्यंत जाऊन आले. बहीण सापडली नाही. नंतरही नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, आसरांनी नेली. पाण्यात राहणाऱ्या त्या देवी. त्यांची ओटी भरा, निवद सोडा. वडील म्हणाले, आपण ते सगळं सोडलेलं आहे. ते बरोबरच बोलले. पण त्यामुळं पाण्यापाशी जाऊन करावं असं आमच्याकडं काही उरलं नाही. घरी वंदना झाली, माणसं बसून गेली.

आई त्यानंतर पहिल्यांदा हंडा घेऊन गंगेवर गेली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर एकच वाक्य सांगितलं. “आजपासून माझ्या घरच्यानं पाण्याजवळ कुणालाच नावानं हाक मारायची न्हाई.” आत्याला त्याबद्दल ती दुसरा एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. बोलायची गरजही नव्हती.

नियम टिकला. नदीवर, विहिरीवर, गावातल्या हापशावर, मग जालन्यातल्या नळावर. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवायची, नाहीतर जवळ जाऊन हात लावायचा. नवीन लग्न झालं तेव्हा मिस्टरांनी मला हापशावर सहज नावानं हाक मारली आणि आईच्या हातातली कळशी सुटली. वडिलांना मी एकदा म्हटलं की ही अंधश्रद्धाच झाली. ते म्हणाले, “देवाचं असतं तर मी मोडलं असतं. हे तुझ्या आईचं हाय.” आणि आत्यानं तेव्हापासून पिळायला कुणाचा हात मागितला नाही. गोधडी असो की लुगडं, ती एक टोक लिंबाच्या खोडाला गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकानं एकटीच पीळ देत राहायची. जालन्यात लिंब नाही, म्हणून ती गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळते. तो पाइप मी दोनदा बदलून घेतला आहे.

बहिणीचं नाव मी इथं लिहीत नाही. समुद्राबद्दल लिहायला बसले आहे आणि सवय सुटत नाही. बाकीच्यांचीही नावं नाहीत ती त्यामुळंच.

तर आईनं सूप खाली ठेवलं आणि आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाली, “वन्स, ऐकून राह्यले न्हवं? आपण गंगा मिळती तिथं जाऊ. तिथं तुम्ही तिला हाक मारा. तुम्ही बोलावलं होतं. तुम्हीच बोलवा.”

आत्या पिठाच्या हातांनी दारात आली.

“येते,” ती म्हणाली. “पण हाक मारायची न्हाई मी.”

“मंग येऊन काय करता?”

“तुम्हाला धरायला कुणी पाहिजे न्हाई का? डोळा नवा केला तरी उंबरा दिसंना तुम्हाला.”

आईला काय हवं होतं ते आता उघड होतं, आणि ते आत्याला देता येण्यासारखं नव्हतं. एका चुलीवर अख्खं आयुष्य जेवलेल्या दोन बायकांना मी एका हाकेसाठी देशाच्या दुसऱ्या कडेला नेणार होते. समुद्राची मला फारशी भीती नव्हती. परत आल्यावर त्या एकमेकींशी भातावरून तरी भांडतील की नाही, ही भीती होती. भांडण बंद झालं तर त्या खोलीत काय उरेल, ते मी लहानपणी काही महिने पाहिलेलं आहे.

कोकण रद्द केलं. जालन्यावरून नरसापूरला थेट गाडी जाते, आणि नरसापूर हे गंगेच्या एका मुखाजवळचं गाव आहे. त्या गाडीच्या डब्यांवरचं नाव मी स्टेशनवर कितीदा वाचलं असेल. आपली नदी आणि ही गाडी एकाच ठिकाणी जातात हे भूगोल शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लेक फोनवर म्हणाली, “मम्मी, तिकडचा समुद्र जास्त खवळलेला असतो म्हणे. कोकणच बरं होतं.”

“तिथं तुझी मावशी नाही,” मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं मलाच नवल वाटलं. मी फोन ठेवला.

मग मी नीट तयारी केली. तिकडं दिवाळीच्या आसपास वादळं होतात, म्हणून संक्रांतीनंतरचे दिवस धरले. डॉक्टरांना विचारलं. खालच्या बर्थ मिळाल्या तेव्हाच तिकिटं काढली. लॉजवाल्याशी हिंदीत बोलून किनारा कसा आहे, जवळ दवाखाना कुठं, भरती-ओहोटीच्या वेळा कोण सांगेल, हे विचारलं. अगदी संगमावर जायला नावेतून पलीकडं जावं लागतं असं तो म्हणाला. नाव नाही, हे मी तिथंच ठरवलं. मुखाजवळ पाण्याला ओढ असते. अलीकडच्या बाजूला सपाट किनारा आहे, तिथंच जायचं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मिळाल्यावर पाणी वेगळं ऱ्हातं थोडंच.”

हाक मारायची नाही, म्हणून शाळेतली शिट्टी घेतली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे बाहेर या. आईचं जुनं सुती नऊवारी दोरीसारखं वापरायचं ठरलं: पाण्यात जाईल तिच्या कमरेला मधोमध वेढा, आणि दोन्ही टोकं माझ्या हातात. नायलॉनची दोरी म्हाताऱ्या कातडीला कापते. गच्चीवर सराव घेतला. शेजारची माणसं बघत होती.

“शेळीसारखं बांधून राह्यली का आम्हाला?” आत्या म्हणाली.

“शेळी बरी. शेळी ऐकते.”

“शिट्टीवर कुठली ऐकती? शेळीला बी नावानंच—” आत्या मध्येच थांबली. आई वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

प्रवास बरा झाला. वाटेत एका ठिकाणी गाडी गंगेवरून जाते. पुलाचा आवाज सुरू झाला तसा आईनं खिडकीच्या गजाला कपाळ लावलं. खाली वाळू होती आणि वाळूच्या एका बाजूनं पाण्याचा पट्टा. आत्यानं तोंडावर पदर घेतला आणि झोपेचं सोंग केलं. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला नावानं हाका मारत होती, इकडं ये, नदी बघ. आमच्या तिघींचे हात एकदमच बाकाच्या कडेवर घट्ट झाले. त्या पोरीचं नाव वेगळंच होतं. पूल संपला तेव्हा आईनं डबा उघडला आणि धपाटे वाढले.

नरसापूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी ओहोटीची वेळ विचारून घेतली आणि रिक्षा केली. रस्त्यानं दोन्ही बाजूंना नारळ. रिक्षावाल्याची तेलुगू आम्हाला कळेना, माझी शाळेतली हिंदी त्याला कळेना. आत्यानं मागून सुरू केलं, “भाई, धीरे चलाव. बुढी हड्डियां हैं. जल्दी कायकू?” आणि ते दोघं थेट किनाऱ्यापर्यंत बोलत गेले. लहानपणी निजामाच्या वेळच्या माणसांकडून कानावर पडलेली तिची ती बोली तिथं बराबर चालली.

“वन्सला इथंच सोडून जाऊ,” आई म्हणाली. “नवरा बी मिळंल.”

“मिळाला तर तुमच्याकडंच पाठवते. बिनपगारी गडी पाहिजेच तुम्हाला.”

मला बरं वाटलं. रिक्षा वळली, सुरूची झाडं संपली, आणि समोर पाणी आलं.

समुद्र निळा असतो असं त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. हा मातकट होता. लांबवर, जिथं नजर पोचत होती तिथवर, पावसाळ्यातल्या गंगेच्या रंगाचा. मुखाजवळ नदी आपला गाळ आणून टाकते. मला कारण माहीत आहे. आईनं डोळ्यांवर हाताची सावली धरली.

“हे तर आपलंच पाणी हाय,” ती म्हणाली.

चहाच्या टपरीवरून मी प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि ओल्या वाळूच्या बरीच अलीकडं ठेवली. रिक्षा थांबवून ठेवली होती. किनाऱ्यावर दोन-तीन होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं, बाकी कुणी नाही. पहिल्यांदा आईला नेलं. घोट्याच्या वर पाणी जाऊ दिलं नाही. ती नवीन डोळ्यानं प्रत्येक लाट येताना बघत होती, जसं बसमधून उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस बघतात तशी. मग ती स्वतःहून वळली. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाय पुसले, गोळी दिली.

आत्याच्या कमरेला नऊवारीचा वेढा घातला. आम्ही पाण्यात गेलो.

“वन्स,” मागून आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “बोलवा आता.”

आत्या समुद्राकडं तोंड करून उभी होती. तिचे ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. मग ती वळली आणि खाली बसली.

नदीवरची बाई अशीच बसते. गुडघाभर पाण्यात, खोल पाण्याकडं पाठ, काठाकडं तोंड. कारण कपडे आणि पोरं काठावर असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. नदीत ते बरोबर आहे. मी चपलांपासून गोळ्यांपर्यंत सगळं ठरवलं होतं, पण या बायका पाण्यात गेल्या की बसतात हे विसरले होते. आत्या आईकडं बघत बसली आणि म्हणाली, “न्हाई येत, वैनी. तोंडातच येत न्हाई.”

मी तिला उठ म्हणत होते. लाट आली ती तिच्या पाठीवर. तिनं आत्याला पुढं ढकललं, मला गुडघ्यांवर आणलं. ते काही नव्हतं. ओढ नंतर आली. पाणी मागं फिरलं तशी आत्याच्या खालची वाळू निघून गेली, आणि ती बसल्या बसल्या, तोंड आमच्याकडं ठेवूनच, मागं मागं जायला लागली. नऊवारी ताणलं गेलं आणि ओल्या हातातून सरकायला लागलं. शिट्टी तोंडात होती, मी फुंकली, तिच्यातून पाणी निघालं.

आणि मी पाहिलं की आत्यानं लुगडं धरलेलं नाही. तिचे दोन्ही हात पाण्यावर मोकळे होते, तळवे वर. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. ती आईकडं बघत होती.

तेव्हा आईनं हाक मारली.

आत्याला नाही. आत्याला ती जन्मात नावानं बोलली नव्हती. तिच्या तोंडून माझ्या बहिणीचं नाव निघालं. पूर्ण, शेवटचं अक्षर लांबवून, संध्याकाळी पोरांना गल्लीतून घरी बोलावतात तसं. ते नाव मी लहानपणी शेवटचं गंगेवर ऐकलं होतं. माझ्या पाठीतून काहीतरी गार खाली गेलं. ते पाणीही असेल.

आत्या वळली. मागं, समुद्राकडं. तिनं पुढची लाट येताना पाहिली, हात वाळूत रोवले, रांगती झाली, आणि लुगडं असं धरलं की माझ्या खांद्याला हिसका बसला. लाट तिच्या अंगावरून आमच्याकडं आली आणि तिच्याबरोबर आत्याही आली. जाळ्यावरची दोन माणसं धावत आली, पण तोवर आम्ही वाळूवर होतो.

कुठं लागलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं, श्वास नीट होता, मी नाडी पाहिली. आई खुर्ची सोडून ओल्या वाळूत येऊन उभी होती. पायात पट्ट्याच्या चपला, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

“वैनी,” आत्या धापा टाकत म्हणाली, “तिनं ओ दिली.”

“कुणीकडून?”

आत्यानं हात केला. तिकडं पाणी होतं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. “तू ऐकलं का?”

“माझ्या कानात पाणी गेल्तं,” मी म्हटलं. ते खरं होतं. पाणी गेलं होतं. त्याच्या आधी मला काय ऐकू आलं आणि काय नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही आणि आताही करत नाही. वारा होता, टिटव्या होत्या, लाटांचा आवाज होता.

टपरीवाल्यानं न विचारता चहा आणला. साखर फार होती. आत्याला कोरडं लुगडं नेसवलं. ओलं झालेलं ते नऊवारी वाळूत पडलं होतं, वाळूनं आणि पाण्यानं जड. आत्याला ते तसं बघवेना. तिनं उठून त्याचं एक टोक घेतलं आणि सवयीनं झाड शोधायला लागली. सुरूची झाडं लांब होती. ती टोक हातात धरून इकडं तिकडं बघत उभी राहिली, आणि दुसरं टोक वाळूवरून तिच्या मागं फरपटत होतं.

आई वाकली. मी तिला वाकू नको म्हणून सांगितलेलं होतं. तिनं ते टोक उचललं, वाळू झटकली, आणि दोन्ही मुठींत धरून मागं सरकत गेली, लुगडं ताणेपर्यंत.

“पिळा,” ती म्हणाली.

आत्या हललीच नाही.

“पिळा वन्स. हात भरून आले माझे.” आणि मग, पीळ बसायला लागल्यावर, लुगड्याकडंच बघत, “निघतं हो तोंडातून. माणूस काय करील.”

पाणी वाळूवर गळत राहिलं. बराच वेळ त्या पिळत होत्या. सुती नऊवारीत एवढं पाणी राहत नाही.

परतीच्या गाडीत पुलाआधीच अंधार झाला, म्हणून गंगा दिसली नाही. नुसता आवाज बदलला. आत्यानं या वेळी पदर घेतला नाही. मिरचीचा ठेचा कुणी खारट केला यावरून दोघींचं जुंपलं, आणि वरच्या बर्थवरच्या माणसानं आवाज कमी करा म्हणून सांगितलं. मी भिंतीकडं तोंड करून पडले. मला झोप लागली.

तुम्हाला न्यायचं असेल तर एवढंच सांगेन: नदीकाठच्या बायका पाण्यात बसतात, हे धरून चाला.

घरी आल्यावर नळाची वेळ आली. आमच्याकडं नळ रोज येत नाही. आला की सगळी घाई. मी अंगणातली टाकी भरत होते, पाइप हातात, पायाखाली ओली फरशी. गच्चीवर त्या दोघी चादरी पिळत होत्या. वरच्या टाकीचा पाइप आता वाकत नाही. मध्येच वरून आईनं मला हाक मारली. नावानं. पाण्याजवळ, भर सकाळी, काही विशेष नाही अशी. चिमटे वर आण म्हणून.

मिस्टर पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली.

मी वळले नाही. पाय होते तिथंच घट्ट ठेवले, भिंतीकडं तोंड तसंच राहू दिलं, आणि ओ दिली.